डिझेल की पेट्रोल? भरवसा ठरतो रोजच्या रस्त्यावर

मोटार घ्यायचे एकदा नक्की झाले, की मराठी मध्यमवर्गीय घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो : डिझेल की पेट्रोल? वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने पंपावरील दरफलक देत असे. आज तो फलक पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही. दोन्ही इंधनांच्या दरांतील अंतर घटले, मोटारींच्या किमती वाढल्या आणि कर्जाचे हप्ते पाच-सात वर्षे चालू लागले. त्यामुळे ‘कोणती स्वस्त पडेल’ या प्रश्नाची जागा ‘कोणती दगा देणार नाही’ या प्रश्नाने घेतली आहे. घराच्या खालोखाल कुटुंबाचा हा सर्वांत मोठा खर्च असतो आणि तो करताना बहुतेकांच्या हाताशी असतात ते दोन जुने समज. डिझेलचे इंजिन म्हणजे अक्षरशः लोखंड, ते कधी थकत नाही, हा एक. आणि पेट्रोलची गाडी म्हणजे निर्धास्तपणा, तिला काही बघावेच लागत नाही, हा दुसरा. दोन्ही समज आपापल्या काळात खरे होते. अडचण एवढीच, की ज्या यंत्रांच्या अनुभवातून ते तयार झाले, ती यंत्रे आता नव्या गाड्यांत उरलेली नाहीत.

लौकिक कसा मिळाला?

डिझेलचा टिकाऊपणा ही निव्वळ दंतकथा नव्हती. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये ऑग्जबर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते, की ती तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. हा दाब सोसण्यासाठी ब्लॉक, पिस्टन, क्रँकशाफ्ट हे सारे भाग भक्कम करावे लागतात. शिवाय हे इंजिन कमी फेऱ्यांवर काम करते, म्हणून झीजही सावकाश होते. जुन्या डिझेल गाड्यांत स्पार्क प्लग, कॉइल, कार्बोरेटर यांपैकी काहीच नसे. इंधनाचा पंप यांत्रिक असे आणि इंजिन एकदा सुरू झाले, की त्याला विजेची फारशी गरज उरत नसे.

ग्रामीण महाराष्ट्राने या इंजिनाची कसोटी सर्वांत कठोरपणे घेतली. वडापच्या जीपगाड्या, ट्रॅक्स, काळ्यापिवळ्या टॅक्सी क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे घेऊन वर्षानुवर्षे धावल्या. त्या बंद पडत नसत असे नाही. परंतु बंद पडल्या, तर तालुक्याच्या गावचा फिटर नोझल साफ करून, लाइनमधील हवा काढून त्या पुन्हा रस्त्यावर आणी. भरवशाची खरी व्याख्या येथे सापडते. बिघाड कमी होणे हा तिचा अर्धा भाग. झालेला बिघाड जवळच्या गावात, परवडणाऱ्या पैशांत आणि त्याच दिवशी दुरुस्त होणे हा उरलेला अर्धा भाग.

याच काळातील आणखी एक उदाहरण बोलके आहे. पिंपरीच्या कारखान्यात तयार झालेली टाटांची इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये सादर झाली आणि डिझेलवर चालणारी छोटी मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. सुरुवातीच्या इंडिकाविषयी तक्रारीही पुष्कळ झाल्या. २००१ मध्ये आलेल्या सुधारित ‘व्ही-२’ आवृत्तीनंतर मात्र तीच गाडी टॅक्सीचालकांची आवडती बनली. इंधन दोन्ही वेळा डिझेलच होते. बदलली होती ती बांधणीची गुणवत्ता. भरवसा इंधनातून आपोआप उपजत नाही, याचा हा पहिला धडा होता.

दरातील तफावतीचा भुलावा

केंद्र सरकारने जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले; डिझेलवरील नियंत्रण मात्र कायम राहिले. परिणामी दोहोंतील दरी रुंदावत गेली. मे २०१२ मधील दरवाढीनंतर दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर पोहोचले, तर डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. एका लिटरमागे ३२ रुपयांचा फरक कोणालाही मोहात पाडणारा होता. २०१२-१३ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. रोज दहा-बारा किलोमीटर चालविणारेही डिझेलच्या रांगेत उभे राहिले. स्वस्त इंधन आणि भक्कम इंजिन अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत असल्याने आपला वापर त्या इंजिनाला मानवतो काय, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

तो न विचारूनही त्या वेळी बहुतेकांचे निभावले, याला एक कारण होते. फियाटचे १.३ लिटरचे ‘मल्टिजेट’ इंजिन पुण्याजवळील रांजणगावात तयार होत होते; मारुती सुझुकीसाठी तेच इंजिन परवान्यावर मानेसर येथे बनत होते. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत मुळात एकच यंत्र बसविलेले होते. साहजिकच त्याचे सुटे भाग जागोजागी मिळू लागले आणि गावोगावच्या गॅरेजना त्याच्या खोडी पाठ झाल्या. एखादे इंजिन विश्वासार्ह ठरते, त्यात त्याच्या रचनेइतकाच अशा सार्वत्रिक परिचयाचाही वाटा असतो.

जानेवारी २०१३ पासून डिझेलच्या दरात दरमहा थोडी थोडी वाढ सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले. दरी आटली आणि तिच्यासोबत डिझेल मोटारींचा विक्रीतील वाटाही. खरे वळण मात्र त्यानंतर आले.

काजळीचा सापळा

१ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज ६’ ही प्रदूषण मानके लागू झाली. पाचवा टप्पा वगळून थेट सहाव्यावर घेतलेली ही उडी डिझेलसाठी अवघड होती. डिझेल मोटारीने सोडायच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर, तर सूक्ष्म कणांची २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. पेट्रोलच्या बाबतीत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ८० वरून ६० एवढीच खाली गेली. म्हणजे पेट्रोल इंजिनाला थोडी डागडुजी पुरली. डिझेलला मात्र धुराड्यापाशी एक छोटा रासायनिक कारखानाच जोडावा लागला.

हा खर्च छोट्या गाडीच्या किमतीत बसेना. मारुती सुझुकीने एप्रिल २०१९ मध्येच डिझेलमधून बाहेर पडण्याचे जाहीर केले. स्कोडा, फोक्सवॅगन, रेनो यांनीही २०२० मध्ये तोच मार्ग धरला. रांजणगावच्या त्या लोकप्रिय इंजिनाचे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची अट एप्रिल २०२३ पासून आली, तेव्हा होंडानेही डिझेलला निरोप दिला. महिंद्र, टाटा, ह्युंदाई, किआ, टोयोटा अशा मोजक्या कंपन्यांनी प्रामुख्याने मोठ्या गाड्यांत डिझेल टिकवून धरले.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो धुराड्यापाशी बसविलेला काजळीचा फिल्टर. गॅरेजच्या भाषेत ‘डीपीएफ’. इंजिनातून निघणारी काजळी तो अडवून साठवितो. साठा ठरावीक पातळीला पोहोचला, की इंजिन थोडे जादा इंधन सोडून धुराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. या क्रियेसाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. पुणे-सोलापूर किंवा मुंबई-नाशिक असा प्रवास करणाऱ्याला हे सारे घडून गेल्याचे कळतही नाही.

अडचण होते ती कोथरूडहून शिवाजीनगर गाठणाऱ्याची. चार-पाच किलोमीटरचे अंतर, दर चौकात सिग्नल, इंजिन पुरते तापण्याआधीच कार्यालय येते. काजळी जाळण्याची क्रिया सुरू होते आणि अर्धवट तुटते. पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. त्यासाठी सोडलेले जादा इंधन काही वेळा इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. पुढे डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर इंजिन आपली ताकद स्वतःहून कमी करते आणि गाडी जेमतेम रखडत वर्कशॉपपर्यंत जाते. फिल्टर बदलण्याची वेळ आली, तर खर्च नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या अनेक पट होतो. काही गाड्यांत युरियाच्या द्रावणाची स्वतंत्र टाकीही असते; ती पूर्ण रिकामी झाल्यास गाडी पुन्हा सुरू होऊ नये, अशी तजवीज इंजिनाच्या संगणकातच केलेली असते.

याच्या जोडीला इंधनाचा दाब आहे. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधन सोळाशे ते दोन हजार बार इतक्या प्रचंड दाबाने, केसासारख्या बारीक छिद्रांतून फवारले जाते. इतक्या नाजूक यंत्रणेला डिझेलमधील थोडे पाणी किंवा गाळही बाधतो. जुने इंजिन जे पचवीत असे, ते नव्याला पचत नाही. हे नवे डिझेल दुबळे मुळीच नाही. ज्याचा दिवस महामार्गावर जातो, त्याला ते आजही लाखो किलोमीटर साथ देते. फक्त त्याच्या अटी वाढल्या आहेत.

पेट्रोलही पूर्वीचे नाही

यावरून पेट्रोलच्या बाजूने सरसकट कौल देणेही घाईचे ठरेल. टर्बो नसलेले, साध्या इंधन-फवारणीचे पेट्रोल इंजिन हे आजही बाजारातील सर्वांत निरुपद्रवी यंत्र आहे. छोट्या फेऱ्या, वारंवार थांबणे, महिनाभर उभे राहणे हे सारे ते निमूटपणे सोसते. बिघडलेच तर कॉइल, प्लग, इंधनाचा पंप असे ओळखीचे भाग बिघडतात आणि ते कोणत्याही गावी बदलून मिळतात. परंतु एक लिटरच्या छोट्या इंजिनातून दीड लिटरची ताकद काढण्यासाठी टर्बो आणि सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणारी यंत्रणा आली, तेव्हा पेट्रोलनेही आपला साधेपणा काही अंशी गमावला. अशा इंजिनाला ठरलेल्या दर्जाचे ऑइल वेळेवर लागते. थेट फवारणीमुळे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर इंधनाचा शिडकावा होत नाही आणि तेथे कार्बन साचत जातो. ‘पेट्रोल आहे, काही बघावे लागत नाही’ हा समज या गाड्यांना लागू पडत नाही.

दुसरा मुद्दा इथेनॉलचा. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. उसाच्या राजकारणावर उभ्या असलेल्या महाराष्ट्राला या धोरणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. साखर कारखान्यांना त्यातून उत्पन्नाचा नवा मार्ग मिळाला. वाहनधारकाची बाजू मात्र निराळी आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या गाड्यांतील नळ्या व रबरी भाग या मिश्रणाला तोंड देतील असे बनविलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांचे ॲव्हरेज किती घटते आणि रबरी भाग किती लवकर झिजतात, यावरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभर वाद झाला. सरकारने ॲव्हरेजमधील घट किरकोळ असल्याचे आणि जुन्या गाड्यांत काही रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतील, परंतु ते स्वस्त असल्याचे सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयीची जनहित याचिका फेटाळली. जुनी पेट्रोल गाडी विकत घेणाऱ्याने मात्र तिचे उत्पादन वर्ष आणि इंधनाच्या नळ्यांची अवस्था पाहणे आता अगत्याचे झाले आहे.

इंधनाच्या शुद्धतेचा प्रश्नही दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे भीषण रूप पाहिलेले आहे. इंधनाची चोरी व भेसळ रोखू पाहणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आले. ज्या धंद्यासाठी माणसाचा जीव घेतला गेला, त्याच धंद्याची किंमत अनेक इंजिनांनीही मोजली. खात्रीच्या पंपावरच इंधन भरणे आणि डिझेलचा फिल्टर वेळेवर बदलणे, हा उपाय साधा असला तरी त्याला पर्याय नाही.

गाडी खरोखर कशाने थांबते?

इंजिनाच्या या चर्चेत एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. जर्मनीतील ‘एडीएसी’ ही मोटारचालकांची संघटना रस्त्यात अडकलेल्या गाड्यांना दिलेल्या मदतीची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करते. तीत गेली अनेक वर्षे पहिला क्रमांक बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीचा आहे. २०२३ मध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक बिघाड तिच्यामुळे होते. तेथील थंडी निराळी, रस्ते निराळे. तरीही त्यातील तात्पर्य येथेही उपयोगी पडणारे आहे. गाडी रस्त्यात उभी राहण्याची पुष्कळ कारणे डिझेल-पेट्रोल या वादाच्या बाहेरची असतात. वेळेवर न बदललेली बॅटरी, गळणारा कूलंट, झिजलेला पट्टा, जीर्ण टायर यांना इंधनाचा भेद ठाऊक नसतो.

हिशेब किलोमीटरचा

मग निवड कशी करावी? उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०२४ पासून मुंबई परिसरातील इंधनांवरील कर घटविल्यानंतर मुंबईत पेट्रोल साधारण १०३ रुपये ५० पैसे, तर डिझेल ९० रुपये लिटर झाले. एकाच आकाराच्या दोन गाड्यांपैकी पेट्रोलची लिटरला १५ आणि डिझेलची १९ किलोमीटर जाते असे धरले, तर खर्च किलोमीटरला अनुक्रमे ६ रुपये ९० पैसे आणि ४ रुपये ७४ पैसे येतो. बचत सव्वादोन रुपयांच्या आत. डिझेल गाडी दीड लाखाने महाग असेल, तर ती रक्कम भरून यायला सुमारे ६९ हजार किलोमीटर चालावे लागते. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचा हा पल्ला तीन वर्षांत पुरा होतो. सहाशे किलोमीटर फिरणाऱ्याला साडेनऊ वर्षे लागतात. राज्यात डिझेल मोटारीवरील नोंदणी कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी अधिक आहे, हेही या हिशेबात धरावे लागेल.

या गणिताची गंमत अशी, की पैशाचे उत्तर आणि भरवशाचे उत्तर येथे एकच निघते. जो महिन्याला दोन हजार किलोमीटर चालवितो, त्याची गाडी बहुधा महामार्गावर असते आणि काजळीचा फिल्टर तेथेच नीट काम करतो. सात माणसे व सामान घेऊन कशेडी वा आंबेनळी घाट चढायचा असेल, तर कमी फेऱ्यांवर मिळणारी डिझेलची ओढ आजही उजवी ठरते. टोयोटाने २०२२ च्या अखेरीस पेट्रोल-हायब्रिड इनोव्हा आणली, तरी २०२३ मध्ये जुनी डिझेल ‘क्रिस्टा’ पुन्हा बाजारात उतरविली, ती या मागणीमुळेच. उलट जो शहरातल्या शहरात फिरतो, त्याला डिझेलमध्ये पैसाही वाचत नाही आणि यंत्रही सुखाने नांदत नाही. त्याच्यासाठी साधे पेट्रोल इंजिन हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मधल्या टप्प्यातील, म्हणजे महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर चालविणाऱ्याने अंतरापेक्षा प्रवासाची जात पाहावी. हे अंतर दोन-चार लांबच्या फेऱ्यांत पुरे होत असेल तर डिझेल चालेल. तीस छोट्या फेऱ्यांत विभागले असेल तर नाही.

भरवसा कायद्याचाही

भरवशाची आणखी एक बाजू यंत्राबाहेरची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर बंदी घातली. पेट्रोलसाठी हीच मर्यादा पंधरा वर्षांची ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही बंदी उचलून धरली, तर २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीला अंशतः आवर घातला. महाराष्ट्रात डिझेल मोटारींसाठी दहा वर्षांची अशी मर्यादा घातली गेलेली नाही. तथापि मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर मुंबई महानगर क्षेत्रात पेट्रोल व डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील काय, हे तपासण्यासाठी राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. यंत्र पंधरा वर्षे टिकेल, पण रस्ता तितकी वर्षे खुला राहील काय, ही शंका महानगरातील ग्राहकाने मनात ठेवलेली बरी. आणि ती डिझेलच्या बाबतीत अधिक गडद आहे.

शहरांनी नाकारलेल्या जुन्या डिझेल गाड्या शेवटी जातात कोठे? स्वस्त दरात त्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या बाजारात येतात. जुन्या लौकिकावर विसंबून, कर्ज काढून त्या घेणारा पुष्कळदा त्यावर पोट भरणारा चालक असतो. पाच वर्षे सिग्नलवर थांबत घालविलेल्या गाडीचा फिल्टर किती भरला आहे, हे किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाही. ते पाहायला स्कॅनर लागतो आणि तो लावून पाहण्याचा आग्रह खरेदीपूर्वी क्वचितच धरला जातो. बिघाड झाल्यावर त्याच्या गावचा फिटर हतबल असतो, कारण दोष पान्याने सापडणारा नसून संगणकाने वाचायचा असतो. मग काही ठिकाणी फिल्टरच कापून फेकला जातो. गाडी धावू लागते. पण ज्या हवेसाठी एवढा खटाटोप झाला, ती पुन्हा काळी होते आणि असा फेरफार नियमांनाही धरून नसतो.

यावर उपाय असाध्य नाहीत. काजळीच्या फिल्टरच्या अटी मालकाच्या हाती पडणाऱ्या जाड पुस्तिकेत असतात. त्या विक्रीच्या वेळी स्पष्ट शब्दांत सांगणे कंपन्यांना बंधनकारक करता येईल. जुन्या गाडीच्या हस्तांतरणावेळी स्कॅनरचा अहवाल जोडण्याची पद्धत पाडता येईल. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना नव्या यंत्रणांचे शिक्षण मिळाले, तर तालुक्याच्या गॅरेजला आपली जुनी पत परत मिळेल. तोवर ग्राहकाने विक्रेत्याला ‘कोणती चांगली’ असे विचारण्याआधी आपण महिन्याला किती, कोठे आणि किती वेळ सलग गाडी चालवितो, याची नोंद काढावी. या निवडीत चूक झाली, तर शहरातील नोकरदाराचे एखाद्या महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. तालुक्याच्या स्टँडवर भाड्याची वाट पाहणाऱ्या चालकाचा त्याच चुकीने हंगाम बुडतो.